पाचातले चार

शरण जायचं बटण
पंधराव्या मिनिटापर्यंत फिकट असतं.
दाबलं तरी दबत नाही.
ज्यानं हा खेळ बनवला त्याला माहीत असावं,
पहिल्या पंधरा मिनिटांत माणूस हरत नाही,
नुसता चिडतो.

मग पडद्याच्या कडेला पाच चौकोन उगवतात.
हिरवा म्हणजे सोडू. लाल म्हणजे खेळू.
पाचातले चार हिरवे लागतात.
कुणी काय दाबलं ते दिसत नाही, पण
लाल कुणाचा, हे आम्हा चौघांना
चौकोन उगवायच्या आधीच ठाऊक असायचं.

ढोमणे काका.
अंबाझरीच्या फॅक्टरीतून निवृत्त, वय एकसष्ट,
आमच्या संघाचे वैद्य, सगळ्यांच्या जखमांमागे धावणारे.
"काऊन सोडाचं बे? किल्ला उभा आहे नं अजून?"
किल्ला म्हणजे एक भिंत, तीही तडकलेली,
दारात पाच जण तलवारी परजत
आणि काका माइकमध्ये खाकरून, "येऊ द्या."
त्यांच्या एका लाल चौकोनापायी
किती रात्री मी दीडला झोपले
आणि सकाळी बर्डीत झेरॉक्सचं शटर उघडून
पहिल्याच गिऱ्हाइकावर खेकसले.
(एकदा जिंकलोही. एकदाच. काका अजून सांगतात.)

नवतप्यातली रात्र.
कूलरचं पाणी संपत आलेलं, वाळ्याला करपल्याचा वास,
बारा वाजून गेले तरी भिंती गरम.
अठरावं मिनिट. आम्ही मागे होतो, पण फार नाही,
दोन बुरूज, थोडं सोनं.
असे सामने फिरतात. मी फिरवलेले आहेत.
चैतालीनं एक वळण चुकवलं
आणि भूपेश बोलायला लागला.
आधी खेळाबद्दल.
मग तिच्या हाताबद्दल, मग अकलेबद्दल,
मग त्या परीक्षेबद्दल, जिच्यात ती दोनदा राहिली
आणि जे तिनं फक्त आम्हाला सांगितलं होतं.
रेहान "जाऊ दे नं यार" म्हणाला, एवढंच.
मी नकाशा बघत होते. खरं सांगते, नकाशाच बघत होते.
चैतालीचा माइक चालू होता, त्यातून
नुसता पंख्याचा आवाज येत होता.

तेव्हा चौकोन उगवले.
खाली बारीक अक्षरात, मत कुणी मागितलं त्याचं नाव.
ढोमणे काका.

"चुकून दाबलं का काका?"
"नाही."
"अजून जिंकू शकतो आपण," भूपेश.
"जिंकू नं. म्हणूनच सोडून राहिलो.
जिंकलो तं तुले वाटंन, बोलला ते बराबर बोलला."

दुसरा हिरवा. बऱ्याच वेळानं तिसरा.
चौथा माझा होता.
पाचवा शेवटपर्यंत लाल राहिला.

पराभव, असं मोठ्या अक्षरांत आलं.
काकांनी समोरच्यांना लिहिलं, छान खेळले पोट्टेहो.
तिकडून कुणीतरी एक प्रश्नचिन्ह पाठवलं.
मग आम्हाला म्हणाले, पतंग तारेत अडकली का
ओढत नाही बसाचं, मांजा तोडून द्याचा,
बोट कापाच्या अगोदर.
"कोणती पतंग?" भूपेश म्हणाला, आणि गेला.

अकरा दिवसांनी आला. सॉरी म्हणाला नाही.
चैतालीच्या मागं मागं फिरत राहिला,
तिच्यावरचे दोन वार अंगावर घेतले, काही न बोलता.
तेविसाव्या मिनिटाला आम्ही सपाटून हरत होतो.
या वेळी मत मी मागितलं.
तीन हिरवे.
दोन लाल.
एक काकांचा, ठरलेला.
दुसरा कुणाचा, ते मी विचारलं नाही.
पुन्हा जिवंत व्हायला चाळीस सेकंद होते,
तेवढ्यात बादलीभर पाणी कूलरमध्ये ओतलं
आणि ओल्या हातांनी येऊन बसले.